वहीतला चँपियन

नॉर्थ विल्क्सबरोच्या ट्रॅकची एक बाजू उताराची आणि समोरची चढाची. 1947 साली तो बांधताना जमीन सपाट करण्याइतके पैसे उरले नाहीत म्हणून तो तसाच राहिला, असं तिथले लोक सांगतात. फेरी जेमतेम एका किलोमीटरची. गाड्या प्रेक्षकांसमोरून उताराने सुटायच्या आणि पलीकडच्या अंगाला चढ चढायच्या. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ विल्क्स काउंटीत हा ट्रॅक आहे. या डोंगरांत चोरून गाळलेली मक्याची दारू कितीतरी वर्षं रात्रीच्या अंधारात गाड्यांतून शहरांकडे जायची. सरकारी माणसांना चुकवायचं तर गाडी बाहेरून चारचौघांसारखी आणि आतून तगडी हवी, आणि वळणावर पाय न उचलणारा ड्रायव्हर हवा. रविवारी हीच पोरं आपसात शर्यती लावायची. अमेरिकेतली स्टॉक कार शर्यत अशा माणसांच्या हातांत वाढली. विल्क्सचाच ज्युनियर जॉन्सन 1956 साली वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला, आणि पुढे त्याने या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेत 50 शर्यती जिंकल्या. 1986 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली, तेव्हा इथल्या घराघरांत आपल्याच पोराला माफी मिळाल्याचा आनंद झाला होता म्हणे.

29 सप्टेंबर 1996 रोजी या ट्रॅकवर शेवटची मोठी शर्यत झाली. जेफ गॉर्डन पहिला आला, डेल अर्नहार्ट दुसरा. ट्रॅकचे जुने मालक आदल्या वर्षी वारले होते. दोन बाहेरच्या उद्योगपतींनी ट्रॅकची निम्मी निम्मी मालकी विकत घेतली. त्यांना ट्रॅक नको होता, वर्षातून तिथे होणाऱ्या दोन शर्यतींच्या तारखा हव्या होत्या. एक तारीख टेक्सासला गेली, दुसरी न्यू हॅम्पशायरला. ट्रॅकला कुलूप लागलं. त्या दिवशी शर्यत संपल्यावर लोक स्टँडमधून उठेनात. मी तिथे होतो. मला घेऊन गेलेला माणूसही उठेना.

त्यांची नातवंडं त्यांना 'पपॉ' म्हणायची. तिकडच्या डोंगरी भागात आजोबांना तसंच म्हणतात. आमची मुलंही तेच म्हणू लागली, म्हणून मीही इथे त्यांना पपॉच म्हणतो. मी इचलकरंजीचा, कापडाच्या धंद्यातला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शार्लट शहराजवळच्या एका गिरणीत नोकरी धरून आलो. पपॉ त्या गिरणीत मागांची दुरुस्ती करायचे. आमच्याकडचे जॉबर करतात तेच काम. धावत्या मागाच्या आवाजावरून कोणता भाग ढिला झालाय हे ओळखणारा माणूस मी इचलकरंजीतही पाहिला होता आणि इथेही पाहिला. आमची दोस्ती त्या आवाजावरून झाली. घरं एकाच गल्लीत, त्यामुळे ती गिरणीबाहेरही टिकली.

पपॉंना शर्यतीचा नाद होता. नाद म्हणजे काय ते कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. माझे वडील बैलगाडी शर्यतीसाठी सायकलवरून पंधरा-पंधरा मैल जायचे आणि कोणाच्या गोठ्यातला कोणता बैल यावर रात्र रात्र बोलायचे. पपॉ गाड्यांबद्दल तसेच बोलायचे. रविवारी सकाळी चर्च, मग जेवण, मग दुपारी शर्यत. टीव्ही लावून त्याचा आवाज बंद करायचा आणि समालोचन रेडिओवर ऐकायचं, ही त्यांची पद्धत. ट्रॅकवर गेलो तर कानाला हेडफोन आणि कमरेला स्कॅनर. त्यावर ड्रायव्हर आणि त्याच्या पिटमधल्या माणसांचं बोलणं थेट ऐकू यायचं. टायर कुठे घासतोय, पेट्रोल किती फेऱ्या पुरेल, पुढचा वळणावर रेषा सोडतोय का, सगळं. मला वाटतं जगात दुसऱ्या कुठल्याही खेळाने आपल्या प्रेक्षकाला खेळाडूच्या इतकं जवळ बसवलं नसेल. बर्फात ठेवलेल्या बिअरची पेटी आणि तळलेल्या कोंबडीचा डबा घरून नेता यायचा. गिरणीतल्या माणसाला परवडेल असा तो दिवस असायचा.

आणि वही असायची. दोनशे पानी, रेघांची, शाळेत वापरतात तशी. प्रत्येक हंगामाला एक. शर्यत संपली की पपॉ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गुण मांडायचे. तेव्हाची पद्धत त्यांना तोंडपाठ होती. पहिल्याला 175, दुसऱ्याला 170, मग सहाव्यापर्यंत पाच-पाच कमी, अकराव्यापर्यंत चार-चार, आणि त्यानंतर तीन-तीन. एक फेरी जरी पुढे राहिलात तरी पाच जादा, सर्वांत जास्त फेऱ्या पुढे राहिलात तर आणखी पाच. फेब्रुवारी ते नोव्हेंबर प्रत्येक शर्यतीची बेरीज, आणि वर्षाअखेरीस ज्याची बेरीज मोठी तो चँपियन. या पद्धतीत नाट्य कमी होतं हे खरं. एखादा शेवटच्या शर्यतीआधीच जिंकून बसायचा. पण पपॉंना ती आवडायची, कारण गिरणीतही तसंच होतं. एका पाळीत किती कापड काढलं याने माणूस मोठा होत नसे, वर्षभर किती काढलं याने होई.

त्यांचा ड्रायव्हर डेल अर्नहार्ट. कॅनापोलिसचा. कॅनापोलिस म्हणजे टॉवेल आणि चादरींचं गाव. तिथली कॅनन मिल एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या टॉवेल गिरण्यांत गणली जायची. डेलचे वडील राल्फ तिथे गिरणीत काम करायचे आणि घरामागच्या शेडमध्ये शर्यतीची गाडी बांधायचे. गिरणी सोडून ते शर्यतीवरच जगू लागले आणि 1973 साली, अजून तरुण असतानाच, गाडीवर काम करता करता हृदयविकाराने गेले. डेलने नववीतच शाळा सोडली होती. काळी गाडी, तिच्यावर पांढरा 3 आकडा, सात वेळा चँपियन. तो समोरच्याला धक्का देऊन बाजूला करायचा, आणि त्यामुळे निम्म्या स्टँडला तो आवडायचा आणि निम्म्याला त्याचा राग यायचा. पपॉंच्या लेखी तो गिरणीतला पोरगा होता आणि बँकेतल्या पोरांना मागे टाकत होता. जेफ गॉर्डन कॅलिफोर्नियात जन्मलेला, गोरागोमटा, टीव्हीवर नीट बोलणारा. पपॉंना तो मुळीच आवडत नसे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

18 फेब्रुवारी 2001. डेटोना 500 ची शेवटची फेरी, चौथं वळण. मी पपॉंच्या घरी होतो. पुढे मायकेल वॉल्ट्रिप होता, 462 शर्यती हरलेला, आणि त्याची गाडी अर्नहार्टच्याच मालकीची होती. दुसरा होता डेलचा मुलगा. या दोघांच्या मागे राहून डेल बाकीच्यांना अडवून धरत होता. हे त्याच्या आयुष्याला शोभणारं नव्हतं, कारण त्याने कधी कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं, आणि म्हणून पपॉ खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. मग काळी गाडी भिंतीला लागली. टीव्हीवर तो अपघात काही भीषण दिसला नाही. गाडी उडाली नाही, पेटली नाही. आम्ही त्याहून मोठ्या अपघातांतून त्याला हात हलवत बाहेर येताना पाहिलं होतं. संध्याकाळी बातमी आली. डेल 49 वर्षांचा होता.

पपॉ त्या रात्री रात्रपाळीला गेले. मी त्यांना म्हणालो, नका जाऊ. ते म्हणाले, "घरी बसून काय करू?" आमच्या खात्यातली निम्मी माणसं त्या रात्री बोलत नव्हती. माग मात्र चालू होते.

त्या वर्षभर तिसऱ्या फेरीला टीव्हीवरचे समालोचक गप्प राहायचे आणि स्टँडमधले लोक उभं राहून तीन बोटं वर करायचे. त्याच्या आदल्या वर्षी ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर असे तीन ड्रायव्हर गेले होते. ॲडम तर 19 वर्षांचा, पेटी घराण्यातली चौथी पिढी. अर्नहार्टनंतर नॅसकार हललं. मान आणि डोकं धरून ठेवणारा पट्टा ऑक्टोबर 2001 मध्ये सक्तीचा झाला, ट्रॅकच्या काँक्रीटच्या भिंतींसमोर धक्का शोषणाऱ्या भिंती आल्या, आणि त्यानंतर आजवर सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. जुने चाहते रक्ताला चटावलेले होते, सुरक्षितपणा आल्यावर त्यांना खेळ बेचव लागू लागला, असं लिहिणारे पुष्कळ भेटतात. ते खोटं आहे. पपॉ आणि त्यांच्याबरोबरचे सगळे म्हातारे या एका गोष्टीसाठी नॅसकारचे मनापासून आभार मानायचे. त्यांचं दुःख वेगळं होतं.

ते 2003 आणि 2004 मध्ये सुरू झालं. ही दोन वर्षं मला महिन्यांसकट आठवतात. 30 जुलै 2003 रोजी कॅनापोलिसची गिरणी, जी तोवर पिलोटेक्स या नावाने चालत होती, एका दिवसात बंद झाली. एकट्या त्या गावात चार हजारांवर माणसं घरी बसली. राज्याच्या इतिहासात एका दिवशी इतक्या लोकांची नोकरी कधी गेली नव्हती. आमची गिरणीही त्याच्या आगेमागे बंद पडली. 1982 च्या संपानंतरचं मुंबईचं गिरणगाव मी बातम्यांतून आणि नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं होतं, आता ते माझ्या गल्लीत आलं होतं. मी शार्लटमध्ये दुसरं काम शोधलं. पपॉ साठीच्या पुढे होते. त्यांना कुणी काम दिलं नाही. अशा वेळी माणूस जुन्या गोष्टींना धरून बसतो. त्यांच्यापाशी चर्च होतं आणि शर्यत होती.

शर्यतीचं काय झालं ते बघा. 1971 पासून विन्स्टन कप या नावाने चालत आलेली मालिका 2004 मध्ये एका मोबाइल कंपनीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तंबाखूच्या जाहिरातीचं मला प्रेम नाही, नाव बदललं ते ठीकच. पण त्याच वर्षी वर्षभराच्या बेरजेची पद्धतही मोडली. 2003 मध्ये मॅट केन्सेथ केवळ एक शर्यत जिंकूनही सातत्यावर चँपियन झाला होता, आणि टीव्हीच्या दृष्टीने ते रटाळ होतं. म्हणून नवा नियम आला. 26 शर्यती झाल्या की पहिल्या दहा जणांचे गुण जवळजवळ सारखे करायचे आणि शेवटच्या दहा शर्यतींत निकाल लावायचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत रॉकिंगहॅमला शेवटची शर्यत झाली. केन्सेथने केसी केनला सेकंदाच्या शंभराव्या भागाने हरवलं, आणि इतकी चुरशीची शर्यत देणारा तो ट्रॅक वेळापत्रकातून बाद झाला. आणि मग डार्लिंग्टन.

डार्लिंग्टन साउथ कॅरोलिनात आहे. तिथली सदर्न 500 ही शर्यत 1950 पासून कामगार दिनाच्या सुट्टीला जोडून होत आली होती. अमेरिकेत हा दिवस सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो. गिरण्या बंद असायच्या, कापसाच्या शेतांच्या मधून रस्ता जायचा, आणि दोन्ही कॅरोलिनांतली कष्टकरी माणसं कुटुंबकबिल्यासह तिथे जमायची. ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आहे, कारण जमिनीच्या मूळ मालकाने आपलं माशांचं तळं बुजवू दिलं नाही आणि एक टोक अरुंद ठेवावं लागलं. 2004 मध्ये कामगार दिनाची शर्यत तिथून उचलून लॉस एंजेलिसजवळच्या एका नव्या ट्रॅकला दिली. तिथे प्रेक्षक जास्त आहेत, बाजारपेठ मोठी आहे, असं कारण होतं. ज्यांच्या नावाची सुट्टी होती त्यांच्यापासून त्या सुट्टीची शर्यत काढून घेतली, आणि ज्या वर्षी त्यांच्या गिरण्या बंद झाल्या त्याच्या पुढच्याच वर्षी. मला आजही याचा राग येतो. कॅलिफोर्नियाच्या त्या ट्रॅकवर कामगार दिनाची गर्दी कधी जमली नाही. 2015 मध्ये ती तारीख डार्लिंग्टनला परत मिळाली. कॅलिफोर्नियाच्या ट्रॅकवर 2023 मध्ये शेवटची शर्यत झाली आणि मग तो पाडला.

2004 च्या नोव्हेंबरात कर्ट बुश चँपियन जाहीर झाला. त्या रात्री पपॉंनी वही उघडली. ते जुन्याच पद्धतीने मांडत आले होते. 36 शर्यतींची बेरीज झाली आणि पहिलं नाव आलं जेफ गॉर्डन. ज्याला ते वर्षानुवर्षं नाकं मुरडत आले, ज्याच्या विरोधात स्टँडमध्ये उभं राहून ओरडले, तो. पपॉंनी त्याच्या नावाखाली दोन रेघा मारल्या आणि पुढे 'चँपियन' असं लिहिलं. 2007 मध्ये पुन्हा तेच झालं. जगाने जिमी जॉन्सनला ट्रॉफी दिली, आणि पपॉंच्या वहीत पुन्हा गॉर्डन आला. नॅसकारच्या नोंदीत गॉर्डनच्या नावावर चार विजेतेपदं आहेत, पपॉंच्या वह्यांत 2007 अखेरच सहा झाली होती.

जुन्या चाहत्यांविषयी कुणी मला विचारलं की मी ही वही सांगतो. त्यांना बदल नको असतो, ते आपल्या लाडक्या ड्रायव्हरच्या आठवणीत अडकले आहेत, असं त्यांच्याबद्दल बोललं जातं. पपॉंचा लाडका तर केव्हाच गेला होता. जो आवडत नव्हता त्याच्या बाजूने त्यांनी निकाल दिला, कारण वर्षभर त्याने चांगली गाडी चालवली होती. खेळ निष्पक्ष असावा, इतकीच त्यांची मागणी होती.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली. 2007 मध्ये सगळ्यांसाठी एकाच साच्याची नवी गाडी आली. ब्रिस्टलला तिची पहिली शर्यत जिंकणाऱ्या काइल बुशने तिथल्या तिथे, जिंकलेल्या गाडीशेजारी उभं राहून, गाडी भिकार आहे असं सांगितलं. 2008 मध्ये इंडियानापोलिसला टायर दहा-बारा फेऱ्यांत झिजू लागले आणि थोड्या थोड्या फेऱ्यांनी पिवळा झेंडा दाखवून शर्यत थांबवत न्यावी लागली. तिकीट काढून आलेल्या लोकांनी गाड्या सावकाश फिरताना पाहिल्या. मग मंदी आली. ब्रिस्टलला दीड लाखावर माणूस मावायचा आणि 1982 पासून ओळीने 55 शर्यतींची सगळी तिकिटं संपली होती. 2010 च्या मार्चमध्ये तो क्रम तुटला. रिकामी बाकं टीव्हीवर वाईट दिसतात म्हणून ट्रॅकवाल्यांनी स्टँडच उतरवायला सुरुवात केली. शार्लटला आम्ही वर्षानुवर्षं मागच्या सरळ रेषेसमोर बसायचो, ते स्टँडही गेलं. 2014 मध्ये चँपियन ठरवायला चार जणांची एकच शेवटची शर्यत आली. 2017 मध्ये शर्यतीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळे गुण देणं सुरू झालं. पपॉंनी वही चालूच ठेवली. त्यांच्या वहीत तुकडे नव्हते.

2022 च्या गाडीचं त्यांना सर्वांत वाईट वाटलं. हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही म्हणून सांगतो. आधी प्रत्येक संघ आपल्या कारखान्यात सांगाडा बांधायचा, पत्रा हाताने वळवायचा. शार्लटच्या उत्तरेला मूर्सव्हिलच्या आसपास असे कितीतरी कारखाने आहेत, आणि गिरण्यांतून सुटलेली बरीच कुशल माणसं तिथे कामाला लागली होती. नियमात बसून नियमाच्या पुढे जाणं ही या खेळाची विद्या होती. स्मोकी युनिक नावाच्या मेकॅनिकची गोष्ट अजून सांगतात. पेट्रोलच्या टाकीचं माप नियमात होतं, नळीचं नव्हतं, म्हणून त्याने अकरा फुटी जाड नळी बसवली आणि तीत पाच गॅलन जास्तीचं पेट्रोल भरलं. नव्या गाडीचे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडून तयार येतात, सगळ्यांना सारखे. खर्च आटोक्यात आणण्यासाठी ते केलं, आणि ते कारण खोटं नाही. पण हाताने भाग घडवणाऱ्यांची गरज संपली. मागाच्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या माणसाने हे आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं.

आता मला जे आवडत नाही तेही लिहायला हवं, नाहीतर हे लिखाण खोटं ठरेल. मी पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा तंबूतंबूवर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचे झेंडे होते. वेंडेल स्कॉट नावाच्या काळ्या ड्रायव्हरने 1 डिसेंबर 1963 रोजी जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकली, तर जिंकल्याचा झेंडा त्याला दाखवलाच नाही. दुसऱ्याला विजेता जाहीर केलं आणि लोक पांगल्यावर मोजणीतली चूक मान्य केली. हाही त्या जुन्या दिवसांचाच भाग आहे. एकदा एका तंबूतून माझ्या रंगावरून काही बोललं गेलं. पपॉंनी भांडण केलं नाही. आमच्या दोन्ही खुर्च्या उचलल्या, त्याच तंबूसमोर नेऊन मांडल्या, आणि संपूर्ण शर्यत आम्ही तिथे बसून पाहिली. जून 2020 मध्ये नॅसकारने तो झेंडा ट्रॅकवर बंद केला, तेव्हा पपॉ म्हणाले, "फार उशीर केला." झेंडा गेला म्हणून ज्यांनी खेळ सोडला, त्यांच्यासाठी मला काही वाटत नाही. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन 2010 मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला आणि चाहत्यांनी त्याला त्या मालिकेचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून निवडलं, तेव्हा आमच्या घरी पपॉंसाठी पुरणपोळी झाली होती. हा खेळ माणसं सामावून घेऊ शकत होता. त्यासाठी त्याला आपलं गाव सोडायची गरज नव्हती.

मे 2023 मध्ये मी पपॉंना पुन्हा नॉर्थ विल्क्सबरोला घेऊन गेलो. बंद ट्रॅकवर झाडं उगवली होती. डेलच्या मुलाने पुढाकार घेऊन ती साफ करवली, राज्य सरकारने कोविडनंतर केंद्राकडून आलेल्या मदतीतले पैसे दिले, आणि 27 वर्षांनी तिथे ऑल-स्टार शर्यत ठेवली गेली. डांबर 1981 सालचंच होतं. जुन्या रंगाच्या पाट्या मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या. काइल लार्सन सहज जिंकला, शर्यत काही फार रंगली नाही, पण पपॉंचं लक्ष शर्यतीकडे नव्हतंच. ते लोकांकडे बघत होते. आजूबाजूला त्यांच्या वयाची माणसं नातवंडांना हाताने दाखवत होती, आम्ही त्या तिथे बसायचो. ऑल-स्टार शर्यतीला गुण नसतात. त्यामुळे त्या रात्रीची नोंद वहीत नाही. त्याच हिवाळ्यात पपॉ गेले. वह्या त्यांच्या मुलीने ठेवल्या आहेत.

त्यांनी न पाहिलेलं थोडं सांगायचं राहिलं. 2024 मध्ये जोई लोगानो चँपियन झाला, तेव्हा वर्षभरातला त्याचा सरासरी क्रमांक 17.1 होता. इतक्या मागच्या सरासरीवर आधी कुणी चँपियन झालेलं नव्हतं. 2025 च्या शेवटच्या शर्यतीत डेनी हॅमलिन पुढे होता, तीन फेऱ्या उरल्या होत्या, दुसऱ्याच कुणाचा टायर फुटला, पिवळा झेंडा पडला, आणि त्या दिवशी एकही फेरी पुढे न राहिलेला लार्सन चँपियन ठरला. लार्सन उत्तम ड्रायव्हर आहे, दोष त्याचा नाही. पुढच्या महिन्यात शार्लटच्या न्यायालयात दोन संघांनी नॅसकारवर लावलेला मक्तेदारीचा खटला चालला आणि तडजोडीत मिटला. त्यात जुने संदेश बाहेर आले. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने रिचर्ड चिल्ड्रेस यांच्याबद्दल लिहिलं होतं की हा मूर्ख रेडनेक आहे, याला फटके मारायला हवेत. चिल्ड्रेस म्हणजे अर्नहार्टच्या त्या काळ्या गाडीचे मालक, त्याच्या सातपैकी सहा विजेतेपदांचे भागीदार. रेडनेक ही उन्हात राबणाऱ्या दक्षिणेतल्या माणसाला हिणवायची शिवी आहे. गेली वीस वर्षं चाहत्यांना जे वाटत होतं आणि ज्याचा पुरावा नव्हता, तो असा लेखी मिळाला. अधिकाऱ्याने पुढच्या महिन्यात पद सोडलं. त्याच जानेवारीत, 2026 मध्ये, नॅसकारने एका शर्यतीवर चँपियन ठरवण्याची पद्धत रद्द केली आणि शेवटच्या दहा शर्यतींची बेरीज परत आणली. वर्षभराची बेरीज अजून आलेली नाही. नॉर्थ विल्क्सबरोला मात्र 2026 च्या हंगामात गुणांची शर्यत दिली आहे.

शार्लट आणि रालेच्या परिसरात आता मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. गणपतीला हॉल भरतो. यातल्या बहुतेकांनी या खेळाचं नाव ऐकलंय आणि गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात म्हणून सोडून दिलंय. त्यांना माझी एक विनंती आहे. विन्स्टन-सेलमला बोमन ग्रे स्टेडियम आहे. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट ट्रॅक, आणि 1949 पासून तिथे उन्हाळ्यात शनिवारी रात्री शर्यती होतात. चालवणारे आठवडाभर दुसरी नोकरी करणारे आहेत. गाड्या त्यांनी स्वतः बांधलेल्या असतात आणि स्टँड भरलेलं असतं. तिथे जा, मुलांना न्या, त्यांच्या कानांसाठी इअरमफ न्या. शेजारी कुणी म्हातारं माणूस बसलं असेल तर त्यांना विचारा, तुमचा ड्रायव्हर कोण होता, आणि मग त्यांचं सगळं ऐकून घ्या.